पंजात गोळा धरलेले पाय: जुन्या फर्निचरचा काळ पायांवरून कितपत ओळखता येतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांनी मुंबईतल्या एका लिलावात घेतलेलं चार खणांचं, काळसर आणि भलतंच जड कपाट घरात आहे. पुढच्या दोन पायांवर पक्ष्याच्या पंजाने गोळा पकडलाय असं कोरीव काम, मागचे दोन पाय मात्र साधे. एक विक्रेता म्हणाला, "हे चिपेंडेल, अडीचशे वर्षांचं." दुसरा म्हणाला, "पाय मागाहून लावलेत, याला किंमत नाही." मागचा डावा पाय खालून कुजलाय. यातलं खरं काय, आणि त्या पायाचं काय करायचं?

तुम्ही पाठवलेले फोटो नीट पाहिले. माझ्या मते दोघेही चुकलेत, आणि दोघांच्या चुकीचं मूळ एकच आहे. पायाची घडण पाहिली की लगेच साल सांगायची सवय आमच्या धंद्यात फार. पायाची शैली फक्त एवढंच सांगते की वस्तू अमुक काळाच्या आधीची नसणार. नंतरची ती कितीही असू शकते, अगदी गेल्या वर्षीचीसुद्धा. शिवाय लाकडी सामानात सगळ्यात आधी झिजतो, भिजतो, किडतो आणि बदलला जातो तो पायच. म्हणून आधी कपाट उलटं करून खालची बाजू बघायची आणि मग कोरीव कामाकडे वळायचं.

पहिल्यांदा चिपेंडेलचं निस्तरू. थॉमस चिपेंडेल हा यॉर्कशरमध्ये १७१८ साली जन्मलेला सुतार, लंडनला सेंट मार्टिन्स लेनमध्ये त्याचा कारखाना होता. १७५४ साली त्याने फर्निचरच्या नमुन्यांचं मोठं पुस्तक छापलं आणि त्यामुळेच त्याचं नाव एका शैलीला चिकटलं. गंमत अशी की त्या पुस्तकात पंजा-गोळ्याचा पाय नाहीच. तिथे आहेत ते वळणदार गुंडाळीचे पाय, किंवा सरळ चौकोनी पाय आणि त्यांच्या तळाशी ठोकळा. पंजा-गोळा लंडनमध्ये त्याच्या आधीच्या तीस-चाळीस वर्षांत जोरात चालला होता आणि पुस्तक निघालं तेव्हा तिथल्या शौकीन मंडळींच्या लेखी जुना झाला होता. आज मात्र विक्रेत्याच्या तोंडी पंजा दिसला की चिपेंडेल, हे समीकरण पक्कं बसलंय. याचं कारण अमेरिका. तिथे हा पाय १७५० नंतर बहरला आणि १७८० च्या दशकापर्यंत टिकला. त्या काळातल्या अमेरिकी फर्निचरला सरसकट 'चिपेंडेल' म्हणायची रीत पुढे पडली आणि ती पुस्तकांतून, लिलावांच्या कॅटलॉगांतून आपल्याकडेही आली.

चिनी ड्रॅगनने मोती पकडलाय, या चित्रातून हा पाय युरोपात आला असं सांगतात. इंग्रज सुतारांच्या हातात ड्रॅगनचा गरुड झाला, कधी सिंह झाला. पण खरी मजा अमेरिकेत आहे, कारण तिथे गावागणिक पंजा बदलतो. बॉस्टनकडच्या पंजात बाजूची नखं झपकन मागे वळलेली असतात, पायाला कडेने पाहिलं की त्रिकोण दिसतो. न्यूयॉर्कचा पंजा चौकोनी, ठोकळेबाज. फिलाडेल्फियात गोळा थोडा दबलेला आणि त्यावर घट्ट, जिवंत पकड. न्यूपोर्टच्या काही उत्तम कारागिरांनी तर नख आणि गोळा यांच्यामधलं लाकूड कोरून काढलं, इतकं की मधून उजेड दिसतो. असं नख मोडायला एक धक्का पुरतो, आणि तरीही त्यांनी ते केलं. याला मी नुसतं कौशल्य म्हणणार नाही, हा माज आहे आणि तो त्यांना शोभतो. पायाला काय मोल येऊ शकतं याचा दाखला हवा असेल तर फिलाडेल्फियाच्या जॉन कॅडवालडर या व्यापाऱ्यासाठी १७७० च्या सुमारास केलेल्या खुर्च्या घ्या. त्यांना पंजा-गोळा नाही, केसाळ सिंहाचा पंजा आहे, जो अमेरिकेत फार क्वचित दिसतो. त्यातली एक कानांची आरामखुर्ची १९८७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात साडेसत्तावीस लाख डॉलरला गेली.

आता तुमच्या पंजाकडे. तीन नखं पुढे, एक मागे, हे बरोबर आहे. मागचं नख बहुतेक जण कोरायचा कंटाळा करतात, कारण ते कुणी वाकून बघत नाही. तुमच्या फोटोत ते पूर्ण कोरलेलं दिसतं, नखाच्या मुळाशी चामडीच्या सुरकुत्यासुद्धा आहेत. कारागीर हाताचा चांगला होता. पंजा पायाच्या मूळ लाकडातूनच काढलाय की साध्या पायाला मागाहून कोरून पंजा केलाय, हे ओळखायच्या दोन खुणा सांगतो. साधा, चकतीसारखा टेकणारा पाय ठेंगणा असतो. त्यातून गोळा काढायला गेलं की उंची पुरत नाही, गोळा भाकरीसारखा चपटा होतो आणि बोटांच्या गाठींना उठाव येत नाही. दुसरी खूण गुडघ्याला, म्हणजे पायाच्या वरच्या फुगीर वळणाला. खऱ्या कामात सुतार कोरीव कामापुरतं लाकूड आधीपासून जास्त ठेवतो, म्हणून पान-फूल गुडघ्याच्या पृष्ठभागावर उठून दिसतं. मागाहून कोरलेलं पान गुडघ्यात रुतलेलं असतं, कारण तिथे शिल्लक लाकूडच नसतं. डोळ्यांनी कळलं नाही तर बोट फिरवा, बोटाला कळतं. तुमच्या कपाटाचे गोळे चांगले उंच आहेत आणि पानं उठावाची. म्हणजे हे पाय जन्मापासून पंजाचेच.

मागचे पाय साधे असणं हा दोष नाही, आणि पाय बदलल्याचा पुरावा तर नाहीच. कपाट भिंतीला लागून उभं राहणार, मागच्या कोरीव कामाचे पैसे कोण देणार? न्यूपोर्ट आणि बॉस्टनच्या महागड्या कपाटांनाही पुढे पंजा आणि मागे साधी फळी आहे. दुसऱ्या विक्रेत्याने बहुधा यावरूनच निदान केलं असावं.

मग हे कपाट कुठलं? फोटोत खण बाहेर काढून ठेवलाय, आणि त्याच्या बाजूच्या फळ्या सागाच्या दिसतात. तुमच्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर मला पायाआधी तिथे मिळालं. इंग्रज सुतार दर्शनी बाजू महागनीची किंवा अक्रोडाची करायचा, पण आतल्या, न दिसणाऱ्या कामाला ओक किंवा पाइन वापरायचा. हाताशी असेल ते स्वस्त लाकूड आत जातं. आतून साग आणि बाहेरून काळी शिसवी असेल तर वस्तू हिंदुस्थानात घडली, याबद्दल वाद घालायचं कारण उरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुंबईत शिसवीच्या कोरीव फर्निचरचा मोठा धंदा होता. मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या नगीनदास मास्टर रोडवर, त्याची दुकानं होती. घाट युरोपी, नक्षी दाट, आणि गिऱ्हाईक साहेबही, पारशी शेठियेही. युरोपातल्या तीन-चार वेगवेगळ्या काळांतले पाय, पाठी, कमानी एकाच खुर्चीत बिनदिक्कत एकत्र करणं हा या कामाचा स्वभाव. इंग्लंडमध्ये शंभर वर्षांपूर्वी मागे पडलेला पंजा इथे १८७० साली नवा कोरा करकरीत निघू शकत होता. तुमचं कपाट त्या परंपरेतलं, साधारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं किंवा विसाव्याच्या सुरुवातीचं वाटतं. कमी लेखू नका, हे काम आपल्या मातीतलं आहे आणि दुय्यम दर्जाच्या इंग्रजी कपाटापेक्षा ते मला केव्हाही जास्त आवडेल.

इथेच एक इशारा. इंटरनेटवर जुनेपणा तपासायच्या ज्या कसोट्या मिळतात त्या इंग्रजी आणि अमेरिकी वस्तूंसाठी आहेत. त्या म्हणतात, फळीच्या मागे करवतीच्या सरळ रेघा असतील तर ती हाताने कापलेली, म्हणून जुनी. कमानीसारख्या गोल रेघा असतील तर यंत्राच्या चक्राकार करवतीच्या, म्हणजे साधारण १८३० नंतरच्या. तिकडे हे ठीक. आपल्याकडे मात्र दोन माणसं वर-खाली उभी राहून ओंडका हाताने कापायची पद्धत विसाव्या शतकातही चालू होती. तेव्हा सरळ रेघेवरून तुमचं कपाट १८०० चं ठरत नाही. हाताने कापलेल्या डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या सांध्यांचंही तसंच, आजही चांगला सुतार ते हातानेच कापतो. उलट दिशेने मात्र कसोटी चालते: मूळ सांध्यातला स्क्रू टोकदार आणि एकसारख्या आट्यांचा असेल तर तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा, कारण त्याआधीचे स्क्रू बोथट टोकाचे असत. पण तो स्क्रू मूळचाच आहे की दुरुस्तीतला, हे आधी ठरवावं लागतं. भोकाभोवती दुसरं बुजवलेलं भोक दिसतंय का बघा.

आता कपाट उलटं करा. दोन माणसं घ्या, खण आधी काढून ठेवा, खाली गोधडी अंथरा. काय बघायचं ते सांगतो.

खालच्या फळीत कोपऱ्यांजवळ रुपयापेक्षा मोठी गोल भोकं, उघडी किंवा बुजवलेली, आहेत का? तुमच्या कपाटाला ती नसणार, पण ही खूण माहीत असावी. सतराव्या शतकाच्या अखेरीस, विल्यम आणि मेरी या राजा-राणीच्या काळात, हॉलंडकडून इंग्लंडमध्ये दबलेल्या चेंडूसारखे कातीव पाय आले. कातारी गोळा कातताना वरच्या बाजूला त्याच लाकडाची गोल खुंटी ठेवायचा आणि ती कपाटाच्या तळात सरसाने बसवायची. सरस सुटला की गोळा पडतो, हरवतो. पुढे फॅशनही बदलली आणि त्या जागी कोपऱ्यात दोन फळ्या जोडून केलेले ब्रॅकेट पाय लागले. आज ब्रॅकेट पायावर उभ्या असलेल्या त्या काळच्या कितीतरी कपाटांच्या पोटात ती जुनी भोकं सापडतात. कातीव गोळा मूळचा आहे का, हेही साध्या कॅलिपरने कळतं. लाकूड वाळताना सगळीकडे सारखं आक्रसत नाही, वर्षवलयांच्या अंगाने जवळजवळ दुप्पट आक्रसतं. दोन-तीनशे वर्षांपूर्वी गोल कातलेला पाय आज किंचित लंबगोल भरतो. तंतोतंत गोल निघाला तर संशय घ्या. साग मुळात कमी आक्रसतो, म्हणून सागाच्या पायाला ही कसोटी लावताना जरा सबुरीने.

ब्रॅकेट पायाची दर्शनी फळी नुसता पडदा असते, वजन पेलतो तो मागे चिकटवलेला ठोकळा. ठोकळ्याचा रंग तळाच्या फळीइतकाच जुना, धुरकट दिसला पाहिजे. तळ काळपट आणि ठोकळा गोरा असेल तर ठोकळा मागाहून आलाय. सगळाच तळ एकसारखा तपकिरी रंगवलेला असेल तर त्याहून वाईट, कारण जुन्या कामात तळाला कुणी रंग लावत नव्हतं. झिजेचंही बघा. पायाची झीज बाहेरच्या कडांना, जिथे कपाट ओढताना घासतं तिथे, आणि पुढच्या बाजूला जास्त असते. चारही पाय सारखे गुळगुळीत झिजलेत म्हणजे कुणीतरी पॉलिशपेपर चालवलाय.

ब्रॅकेटचीच पुढची रूपं म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्याला आलेला एस-वळणाचा ओजी पाय आणि १७८० नंतरचा, तळाशी नाजूकपणे बाहेर झुकलेला फ्रेंच पाय. लंडनचा सुतार जॉर्ज हेपलव्हाइट याचं नमुना-पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १७८८ साली बायकोने छापलं. त्याच्या नावाशी जोडलेला, खाली निमुळता होत गेलेला चौकोनी पाय आणि तळाशी कुदळीच्या पात्यासारखा फुगार तुम्ही अगदी लग्नाच्या हॉलातही पाहिला असेल, इतका तो पुढे स्वस्त झाला. आणि काचेचा गोळा पकडलेली ओतीव धातूची नखं दिसली, पियानोच्या स्टुलाला किंवा छोट्या टेबलाला, तर ती सरळ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडची अमेरिकी कारखान्यातली समजावी. त्यांना कुणी 'जॉर्जियन', म्हणजे अठराव्या शतकातलं इंग्रजी, म्हणालं तर नमस्कार करून निघावं.

सिंहाच्या पंजाबद्दल दोन शब्द, कारण तुमच्या घरातल्या दुसऱ्या फोटोत तसं टेबल दिसतं. याचा उगम थेट इजिप्तचा. तिथे खुर्च्या-पलंगांना आधी बैलाचे आणि मग सिंहाचे पाय करत, तुतनखामेनच्या थडग्यातही ते आहेत. तिथे चारही पंजे एकाच दिशेला, पुढे तोंड करून असतात, जणू जनावर चालायला निघालंय, आणि प्रत्येक पंजा एका छोट्या ठोकळ्यावर टेकवलेला. युरोपात १७९८ च्या नेपोलियनच्या इजिप्त-मोहिमेनंतर ही हौस पुन्हा उसळली. न्यूयॉर्कच्या डंकन फाइफ या सुताराच्या टेबलांना तर पितळी सिंहपंजे आणि त्यात चाकं आहेत. मुंबईच्या शिसवी टेबलांवरचे सिंहपंजे या लाटेतून आले, फक्त इथल्या कारागिराने सिंहाला आयाळही दिली आणि बहुतेकदा डोळेही.

आणखी एका पायाचा आपल्याशी संबंध आहे, म्हणून सांगतो. टोक बाहेर पसरून आत वळलेला, रंगाच्या ब्रशसारख्या उभ्या खाचा असलेला एक पाय इंग्रजीत 'स्पॅनिश' म्हणून ओळखला जातो, आणि त्याला ब्रागांझा असंही नाव आहे. पोर्तुगालच्या ब्रागांझा राजघराण्याची कॅथरीन १६६२ साली इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न करून गेली, त्याच लग्नाच्या करारात मुंबई आंदण गेली. पोर्तुगीजांच्या हाताखाली गोव्यात मात्र पायांचं काही वेगळंच चाललं होतं. सतराव्या शतकातली गोव्याची अनेक खणांची, वर जडावकाम केलेली कपाटं ज्या बैठकीवर उभी असत, तिचे पाय म्हणजे कमरेपासून खाली सर्पाकार झालेल्या नागकन्या. गरुडाचे पंजे सगळ्या जगाने केले, डोक्यावर कपाट तोलणारी नागीण गोव्यानेच केली.

आता कुजलेला पाय. कारण शोधल्याशिवाय दुरुस्ती करू नका. आपल्याकडे कारणं साधारण तीन: रोजची ओली लादी, जुन्या काळी मुंग्या चढू नयेत म्हणून पायाखाली ठेवलेल्या पाण्याच्या वाट्या, आणि वाळवी. पायाचा तळ म्हणजे लाकडाचं कापलेलं टोक, तिथून पाणी नळीतून चढावं तसं वर चढतं. पाण्याच्या वाटीत उभ्या राहिलेल्या पायावर दोन-तीन इंचांवर आडवा काळा पट्टा असतो. तुमच्या फोटोत तसा पट्टा आहे असं मला वाटतं. वाळवी असेल तर मातीच्या नळ्या दिसतील, आणि बारीक भोकांतून पिठासारखी भुकटी पडत असेल तर तो भुंगेरा. सागाचा आणि शिसवीचा गाभा सहसा कीड धरत नाही, पण बाहेरचं पांढरट लाकूड ती आवडीने खाते, आणि मागच्या पायांना सुतार नेमकं तेच खपवतो. जिवंत कीड असेल तर पहिल्यांदा तिचा बंदोबस्त.

त्यानंतर कुजलेला भाग तेवढाच काढायचा. काटकोनात सपाट कापू नका, लांब तिरका काप घ्या, म्हणजे चिकटवायला जागा जास्त मिळते. नवा तुकडा त्याच जातीच्या जुन्या लाकडाचा, रेषा मूळ पायाच्या दिशेने. मोडक्या पलंगाची शिसवी मिळाली तर उत्तम, आमचे लोक त्यासाठीच ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरबाजारात फिरतात. चिकटवायला गरम सरस वापरायला सांगा. ओलावा आणि उष्णता दिली की तो सुटतो, पुढच्या माणसाला काम पुन्हा उघडता येतं. पांढरा फेव्हिकॉल मजबूत आहे हे खरं, पण जुन्या सांध्यात तो गेला की नंतर लाकूड फाटतं, सांधा सुटत नाही. आत नुसतं भुसभुशीत झालं असेल आणि आकार शाबूत असेल तर कापायचीही गरज नाही. ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक रेझिन मुरवून लाकूड घट्ट करता येतं, संग्रहालयांत हेच करतात.

सुतार दोन गोष्टी सुचवेल, दोन्हींना नाही म्हणा. एक, "चारही पाय इंचभर कापून लेव्हल करतो." पंजाचा खालचा इंच गेला की गोळा गेला. दुसरी, "मागेही पंजे कोरून देतो, जोडी जुळेल." मागचे पाय साधेच होते, साधेच राहू द्या.

दुरुस्ती झाली की चारही पायांच्या तळाला शेलॅकचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, दोन-तीन पातळ हात आणि वर मेण द्या, आणि पायाखाली शिसं किंवा पातळ रबराची चकती ठेवा. चकती वरून दिसू नये इतपत लहान. तळाचे, ठोकळ्यांचे आणि कापण्याआधीच्या कुजलेल्या पायाचे फोटो काढून त्यांची प्रत वरच्या खणात ठेवा. कापलेला तुकडा फेकू नका, पिशवीत घालून त्याच खणात राहू दे. विकायची वेळ आली तर पायाला काय केलंय हे लपवायची गरज पडणार नाही, आणि 'चिपेंडेल' हा शब्द तेवढा जाहिरातीतून गाळा. 'मुंबईची काळी शिसवी' असं लिहा, जाणकार गिऱ्हाईक त्यावरच येईल.